परत घेतलेला खुळखुळा

मुरुमच्या बाजारातल्या एका खेळणीवाल्यानं मला फसवलं. माझ्या पोरीसाठी मी त्याच्याकडून खेळणं घेतलं, खराब आहे म्हणून परत नेलं, आणि ते चांगलं आहे हे ठाऊक असून त्यानं ते मुकाट्यानं परत घेतलं. असं त्यानं दोनदा केलं. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, पण मी ती विसरलेलो नाही.

मी जळकोटचा. धंदा हेड्याचा, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीत मध्ये उभं राहण्याचा. हा धंदा मला कुणी शिकवला नाही. मोठ्या दुष्काळात आधी खडी फोडली, मग जनावरांच्या छावणीवर चारा टाकायचं काम मिळालं. दहा गावांची जनावरं एका माळावर बांधलेली. माणसं चाऱ्याकडं बघायची, मी जनावरांकडं बघायचो. कुठली म्हैस उभी राहताना मागचा पाय आधी सरळ करते, कुठली रवंथ करताना मध्येच थांबते, कुठलीचं दूध आटलंय आणि कुठली चोरतेय, हे सगळं मी तिथं शिकलो. पुढं गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या, सभासदांना म्हशी घ्यायच्या होत्या, आणि पंचमंडळी माझ्याकडं यायला लागली. माझ्या नजरेतून खोड सुटत नाही असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून बोलणी करतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. पण त्याआधी एक गोष्ट मात्र तोंडानंच बोलावी लागते. घेणारा म्हणतो, "खोड बोला." म्हैस लाथ झाडत असेल, एका सडाला दूध नसेल, डोळ्यानं किंवा कानानं कमी असेल, ते देणाऱ्यानं सांगायचं. सांगून विकलं तर दोष नाही. लपवून विकणाऱ्याला पुढच्या बाजारी कुणी चहा विचारत नाही. आणि एकदा दावं हातात आलं की जनावर परत नाही.

लग्नानंतर आठ वर्षांनी आम्हाला पोरगी झाली. दुष्काळ सरला होता, दारात दोन म्हशी होत्या. पोरगी गुटगुटीत, टपोऱ्या डोळ्यांची. एकदा तिनं आपल्याकडं बघितलं की आपणच आधी नजर काढून घ्यावी. सुताराकडून मी बाभळीचा पांगुळगाडा करून घेतला. त्याची चाकं तीनदा बदलायला लावली, कारण एक चाक केसभर लहान होतं. त्या गाड्याला धरून पोरगी अकराव्या महिन्यातच चालायला लागली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. माझी छाती फुगली. माझ्या डोक्यात तेव्हाच एक गोष्ट पक्की झाली, की चांगलं खेळणं मिळालं तर पोर शिकतं.

पण पोरगी बोलेना. दीड वर्षाची झाली, पावणेदोनची झाली. आवाज काढायची, हसायची, रडायची, पण 'आई' नाही, 'बा' नाही. बायका म्हणायच्या, "उशिरा बोलणारी पोरं लई शहाणी निघत्यात." मला ते पटायचं, कारण पटवून घ्यायचं होतं. मी जे काही कमावलं ते तोंडाच्या जोरावर. माझी पोरगी बाजारात चार माणसांना गप्प करील असं माझं स्वप्न होतं.

त्याच सुमारास दूध संघाच्या एका साहेबांना म्हैस दाखवायची म्हणून त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांचा पोरगा माझ्या पोरीएवढाच. सतरंजीवर बसून लाकडाच्या काठीवर रंगीत कड्या ओवत होता. मोठी खाली, लहान वर. शेजारी अक्षरांचे ठोकळे. आईनं 'म' असलेला ठोकळा उचलला तर पोरगा म्हणाला, "मऽऽ." मी उभाच राहिलो. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "या वयात मुलं खेळण्यांतूनच शिकतात हो. बघायचं, ऐकायचं, बोलायचं, सगळं."

मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "पांगुळगाड्यानं चालायला शिकवलं. आता बोलायला शिकवणारं काहीतरी आणतो."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आणा."

मुरुमच्या बाजारात खेळणीवाला एका बाजेवर माल मांडून बसायचा. वयस्कर माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्याला सांगितलं, दोन वर्षांच्या पोरीला बोलायला लावील असं काहीतरी दे. त्यानं ठोकळे दाखवले नाहीत. म्हणाला, "मालक, बोलायच्या आधी ऐकावं लागतंय. आधी आवाजाचं खेळणं न्या." आणि लाखेच्या रंगाचा एक लाकडी खुळखुळा पुढं केला.

मी तो म्हशीसारखा तपासला. ओल्या रुमालानं घासून रंग निघतो का बघितलं, कारण पोर आधी तोंडात घालणार. कडेवर अंगठा फिरवला, कुठं कुसळ लागतं का. दगडावर आपटला. दांडा पिरगाळून बघितला, निघाला तर आतले दाणे पोराच्या घशात जायचे.

तो म्हणाला, "म्हशीचे दात बघायलाव का खुळखुळ्याचे?"

भोवतीचे लोक हसले. मी म्हणालो, "तुझे बघू का?" मग अर्धा तास घासाघीस केली आणि त्याला घाम फोडून खुळखुळा घेतला.

घरी आलो. पोरगी अंगणात पाठमोरी बसून वाटीत माती भरत होती. मी मागं उभा राहून खुळखुळा वाजवला. ती वाटी भरत राहिली. आणखी जोरात वाजवला. वाटी उपडी करून तिनं मातीची मूद पाडली आणि स्वतःशीच हसली. मी पुढं जाऊन तिच्या हातात दिला, तर तिनं झडप घालून घेतला, रंग बघितले, दांडा चोखला. वाजवला मात्र नाही.

बायको चौकटीत उभी होती. मी म्हणालो, "मढ्यानं बोदा माल दिला. आवाजात दमच न्हाई. आत दाणे कमी भरल्यात."

तिनं पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बदलून आणतो," मी म्हणालो.

पुढच्या बाजारी मी त्याच्या बाजेसमोर उभं राहून खुळखुळा मालावर फेकला. "याला आवाज हाय का? पोरगी वळून सुद्धा बघंना."

त्यानं खुळखुळा उचलला, कानाशी धरून वाजवला. शेजारच्या बांगडीवालीच्या मांडीवरचं तान्हं मान वळवून बघायला लागलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हशीचा कान हलला तर मला कळतो, आणि हे मी बघूनही बघितलं नाही. माझ्या मनात आलं, लबाडानं आता नीट जोर लावून वाजवला.

त्यानं विचारलं, "मालक, तुमी पुढून वाजवला का मागून?"

"मागून."

"मग दार वाजलं, भांडं पडलं, तर ती—"

"ए!" मी ओरडलो. "माल तुझा आन परीक्षा माझ्या पोरीची व्हय? मुकाट्यानं बदलून दे, न्हाईतर बाज उलथी करीन."

बाजार गोळा झाला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. काहीही न बोलता खुळखुळा ठेवून घेतला आणि एक पत्र्याचा बेडूक दिला. पोटाखालची पट्टी दाबली की टिक्‌ टिक्‌ असा आवाज करणारा. मला वाटलं, जिंकलो.

बेडकाचंही तेच झालं. पोरीला पट्टी दाबायला आवडायचं, बोटाखाली ती आत जायची आणि बाहेर यायची म्हणून. पण मागून वाजवला की ती आपली मातीची वाटी भरत राही. मी तिसऱ्यांदा मुरुमला गेलो. या वेळी मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं बेडूक माझ्या हातातून घेतला. बाजेखालून एक लहानसा ढोलकीचा प्रकार काढला, दोन्ही बाजूंनी खरं कातडं मढवलेला. किंमत बेडकापेक्षा जास्त असणार हे मला दिसत होतं. त्यानं वरचा पैसा मागितला नाही.

"हे न्या," तो म्हणाला. "एका अंगानं तुमी वाजवा. दुसऱ्या अंगाला तिला हात ठिवू द्या."

वरचा पैसा न मागणारा दुकानदार मी जन्मात बघितला नव्हता. तिथंच मला संशय यायला हवा होता. मी खूश होऊन ढोलकी काखेत मारली आणि एस.टी. धरली.

घरी गेल्यावर पोरीचा तळवा कातड्यावर ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं थाप मारली. तिचे डोळे मोठे झाले. दुसरी थाप मारली तर ती खदखदून हसली आणि दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघायला लागली, आणखी वाजवा म्हणून. मी वाजवत राहिलो. त्या संध्याकाळी माझे हात सुजले.

"बघ," मी बायकोला म्हणालो. "पोरगी चांगली हाय. मालच खोटा होता."

तिनं पदर तोंडाला लावला. आनंदानं लावला असं मी समजलो.

पुढचं जवळपास वर्ष असं गेलं. मी ढोलकीवर थाप मारत होतो, पोरगी हात ठेवून हसत होती, आणि सोसायटीत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो की मुरुमच्या खेळणीवाल्याला कसा वाकवला. साहेबांच्या घरी होत्या तशा काठीवरच्या कड्या मी सोलापूरहून आणल्या. त्या तिनं एका दुपारी लावून दाखवल्या, न चुकता. अक्षरांचे ठोकळेही आणले. 'म' उचलून मी म्हणायचो, "मऽऽ." ती माझ्या ओठांकडं बघायची, मग स्वतःचे ओठ मिटायची. आवाज यायचा नाही.

घरात आणखी एक गोष्ट मला दिसत होती. बायको पोरीला कधी लांबून हाक मारत नसे. उठून, वळसा घालून तिच्या पुढ्यात जायची, मग बोलायची. चूल सोडून जायची. भाकरी करपायची. मी ओरडायचो, "लाडानं वाया घालवशील तिला. हाक मार की!" ती भाकरी उलटायची.

मग तो दिवस आला. एका सभासदासाठी म्हैस आणली होती आणि देण्याआधी आमच्या अंगणात बांधली होती. म्हशीच्या कानाची परीक्षा मी नेहमी एकाच पद्धतीनं करतो. दुधाच्या कॅनचं झाकण घेऊन तिच्या मागं जायचं आणि कॅनवर दाणकन आपटायचं. ऐकू येत असेल तर जनावर बिचकतं. पोरगी म्हशीच्या पुढं, दाव्याच्या टापूबाहेर, कड्या घेऊन बसली होती. तिचीही पाठ माझ्याकडंच.

मी झाकण आपटलं. म्हैस उसळली. खुंटा हलला. छपरावरचे कावळे उडाले, शेजारच्या घरातलं पोर दचकून रडायला लागलं. पोरीनं पिवळी कडी उचलली, ती मोठी की हिरवी मोठी हे शेजारी धरून बघितलं, आणि हिरवी खाली घातली.

मी पुन्हा आपटलं. म्हशीसाठी नाही.

तिनं पिवळी कडी घातली.

किती वेळ आपटत होतो ते मला सांगता येणार नाही. बायकोनं येऊन माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं.

"तुला ठावं होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"कवापास्नं?"

"पहिला खुळखुळा आणला तवापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

ती झाकणाला आलेल्या पोचावरून बोट फिरवत होती. म्हणाली, "बोलणार हुते. तुमी म्हणलाव, बदलून आणतो."

मग तीच म्हणाली, "मला वाटलं, तुमी सगळंच बदलून आणताव. येखांद्या बारीला खरंच आणताल."

आम्ही पोरीला उस्मानाबादच्या एका डॉक्टरांकडं नेलं. माझी आई शेवटपर्यंत त्या गावाला धाराशिवच म्हणायची, एस.टी.त बसवताना म्हणाली, "धाराशिवला मोठे डाक्टर असत्यात, बरं करतील." डॉक्टरांनी पोरीच्या कानात उजेड पाडून बघितलं, मागं उभं राहून घंटा वाजवली, चमचा वाजवला, टाळी वाजवली. प्रत्येक वेळी ती माझ्याकडं बघून हसत होती, कारण मी समोर होतो. मी तिला डोळ्यांनी सांगत होतो, वळ. एकदा वळ. चुकून वळ.

डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच आहे. सोलापूरला नेऊन यंत्र लावून घ्या, तिथं अशा मुलांची शाळाही आहे, बोलायला शिकवतात. मग त्यांनी विचारलं, "आवाजाकडं वळत नाही हे तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

मी म्हणालो, "वर्ष झालं."

"मग वर्षभर काय केलंत?"

काय सांगू? ढोलकी वाजवली?

ते म्हणाले, कानाला यंत्र जितकं लवकर लागतं तितकं बोलणं साफ येतं, या वयातलं एकेक वर्ष मोलाचं असतं. मी हात जोडले. म्हणालो, "साहेब, बघा काहीतरी कमीजास्त करून." ते माझ्याकडं बघत राहिले. त्या घडीपर्यंत मला असा सौदाच माहीत नव्हता की जिथं कमीजास्त होत नाही. म्हशीला खोड निघाली तर भाव पाडता येतो, दुसरी बघता येते, पाठ फिरवून चार पावलं चालून गेलं तर समोरचा हाक मारतो. इथं मी चार पावलं चालून कुणाकडं जाणार होतो? आणि हाक कोण मारणार होतं?

त्याच आठवड्यात मी मुरुमला गेलो. पोरीला खांद्यावर घेऊन गेलो. खेळणीवाला तिथंच होता, चष्म्याची काडी तशीच दोऱ्यानं बांधलेली. पोरीला बघून त्यानं आधी तिच्यासमोर बोट हलवलं, मग हसला. अनोळखी पोराला कुणी आधी शुकशुक करतं, कुणी टिचकी वाजवतं. यानं आवाजच केला नाही.

"तुला ठावं होतं," मी म्हणालो.

"व्हय मालक."

"कवापास्नं?"

"खुळखुळा परत आणलाव तवा. खुळखुळा चांगला हुता."

"मग परत का घेतलास?"

"तुमी बाज उलथी करणार हुताव."

"दुसऱ्यांदा?"

तो हळूच म्हणाला, "भर बाजारात कुणाच्या लेकराची खोड कशी बोलावी, मालक? जनावराची बोलता येते. म्हणून म्हणलं, ढोलकी तरी द्यावी. हाताला तरी लागंल."

मी त्याची बाज उलथी करायला आलो होतो. पण पोरीनं वाकून बाजेवरचा एक खुळखुळा उचलला होता. लाखेच्या रंगाचा, दांड्याला दगडावर आपटल्याची खूण असलेला. कुणी विकत घेतला नव्हता. ती तो डोळ्यांपुढं धरून फिरवत होती, आतल्या दाण्यांचा धक्का बोटांना लागत असावा. मी तो घासाघीस न करता घेतला. त्यानं पैसे मोजले नाहीत.

परतीच्या एस.टी.त ती माझ्या मांडीवर होती. खांद्यावरचा रुमाल तिनं ओढून आमच्या हातांवर टाकला. दारातल्या सौद्यांत मला कितीदा असं करताना तिनं बघितलं होतं कोण जाणे. मग रुमालाखाली तिनं माझं एक बोट दाबलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तिचं एक दाबलं. तिनं दोन दाबली. मी दोन दाबली. तिनं तीन दाबली आणि हसली. येणेगूर येईपर्यंत आमचं हे चाललं होतं. आयुष्यभर मी त्या रुमालाखाली माणसांना लुबाडलं, आणि आता माझं पोर माझ्याशी काय बोलत होतं ते मला कळत नव्हतं.

पुढं सोलापूरला यंत्र लागलं. ती शाळेतही राहिली. थोडं बोलते. घरच्यांना कळतं, परक्याला निम्मं कळतं. 'बा' म्हणते तेव्हा दोन्ही ओठ जोरानं मिटून म्हणते. तिथल्या बाईंनी सांगितलं, एक वर्ष आधी आणली असती तर शब्द आणखी साफ झाले असते.

लोक मला म्हणतात, सोड आता, नशीब. मी नशीब मानत नाही. माझं सगळं मी त्याच्या नाकावर टिच्चून मिळवलं आहे. मला माहीत आहे की मी 'खोड बोला' असं विचारलं नव्हतं. मी कुणाला बोलूच दिलं नव्हतं, हेही मला माहीत आहे, आणि ते मला कुणी तोंड वर करून सांगायची गरज नाही. पण त्या बाजारात त्या दिवशी निदान तीस माणसं उभी होती. बांगडीवालीचं तान्हं वळलं ते त्यांनी बघितलं, माझी पोरगी वळत नाही हे माझ्याच तोंडून ऐकलं. एका फटकळ माणसाच्या शिव्या खायच्या होत्या, एवढंच तर होतं. एक बाज उलथी झाली असती, चार खेळणी फुटली असती. बायको बोलली असती तर घरात चूल मोडली असती. मी सगळं भरून दिलं असतं.

ते कुणी केलं नाही. माल चांगला होता आणि तो परत घेतला गेला, एकदा नाही, दोनदा. आमच्या बाजारात परत घेणाऱ्याला कारण सांगावं लागतं. माझ्या पोरीचं एक वर्ष त्या बाजेवर राहिलं. चांगला माल का परत घेतला, हे तुम्ही कुणीतरी मला तोंडानं सांगा. रुमालाखाली नको.